रेल्वेचे डबे ओढणारी एसयूव्ही छोटी बोट ओढायला चालेल का?

२०१६ साली स्वित्झर्लंडमध्ये लँड रोव्हर डिस्कव्हरी स्पोर्ट या एसयूव्हीने रेल्वेचे तीन डबे ओढले. वजन होतं १०० टनांहून जास्त. २०१९ मध्ये अमेरिकेत फोर्डच्या इलेक्ट्रिक पिकअपच्या नमुन्याने दहा लाख पौंडांहून जास्त वजनाची मालगाडी ओढून दाखवली. असे व्हिडिओ पाहिले की वाटतं, या गाड्यांसमोर छोटीशी बोट म्हणजे किस झाड की पत्ती!

पण त्याच डिस्कव्हरी स्पोर्टसाठी कंपनीने ठरवून दिलेली टोइंगची मर्यादा होती अडीच टन. मग १०० टन ओढलेच कसे?

ओढणं सोपं, थांबवणं अवघड

लोखंडी चाकं गुळगुळीत रुळावर फिरतात तेव्हा घर्षण फार कमी असतं. स्वित्झर्लंडमधल्या गाडीला रुळावर ठेवण्यासाठी खास चाकंही लावली होती. शिवाय वेग कमी होता आणि समोर अचानक कुणी आडवं येणार नव्हतं.

रस्त्यावर मात्र बोट लादलेला ट्रेलर गाडीला मागून ढकलत असतो. वेग दुप्पट झाला की थांबण्यासाठी ब्रेकना चौपट ऊर्जा जिरवावी लागते. उतारावर ब्रेक तापतात आणि त्यांची पकड कमी होते. त्यामुळे कंपनीची मर्यादा फक्त इंजिनच्या ताकदीवर ठरत नाही. ब्रेक, चासी, सस्पेन्शन, कूलिंग या सगळ्यांना काय झेपेल, हे बघून ती ठरते.

ब्रिटनमध्ये नियम काय सांगतो?

ब्रिटनमध्ये १९९७ नंतर कारचं लायसन्स मिळालेल्यांना जड ट्रेलर ओढायचा असेल तर वेगळी परीक्षा द्यावी लागायची. तिथे ट्रकचालकांचा तुटवडा होता. त्यांच्या परीक्षांसाठी वेळ मोकळा व्हावा म्हणून १६ डिसेंबर २०२१ पासून ही परीक्षा रद्द झाली. आता साध्या कार लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो.

पण लायसन्सने परवानगी दिली म्हणून गाडीला तेवढं वजन पेलतं असं नाही. तो आकडा गाडीवरच्या व्हीआयएन प्लेटवर बघायचा. गाडी आणि ट्रेलर मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल, म्हणजेच ‘ट्रेन वेट’, तिथे दिलेलं असतं. त्यातून गाडीचं कमाल भारित वजन वजा केलं की ट्रेलरची मर्यादा कळते. प्लेटवर ट्रेन वेट नसेल, तर ती गाडी टोइंगसाठी वापरू नये, असं ब्रिटिश सरकारच सांगतं.

बोटीचं खरं वजन किती?

इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. समजा, माहितीपत्रकात बोटीचं वजन ४५० किलो आहे. त्यात हे मिळवा:

• आउटबोर्ड इंजिन – ११० किलो
• ५० लिटर पेट्रोल – साधारण ३८ किलो
• बॅटरी, नांगर, दोर, लाइफ जॅकेट – ५० किलो
• ट्रेलर – २०० किलो

बेरीज झाली ८४८ किलो, म्हणजे जवळपास दुप्पट. ब्रिटनमध्ये ७५० किलोपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणं बंधनकारक आहे. केवळ ‘४५० किलोची बोट’ म्हणून बिनब्रेकचा ट्रेलर घेणारा माणूस नकळत नियम मोडतो आणि जीवही धोक्यात घालतो. खात्री करायची असेल तर सगळं सामान भरून ट्रेलर वजनकाट्यावर न्यावा.

वजन कुठे ठेवलंय, हेही महत्त्वाचं. भार मागच्या बाजूला गेला की वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोलायला लागतो. म्हणून एकूण वजनाचा साधारण ५ ते ७ टक्के भार गाडीच्या हुकवर यावा, असा ब्रिटनमधला सर्वसाधारण सल्ला आहे. ट्रेलर झोलायला लागलाच, तर करकचून ब्रेक मारू नये. अ‍ॅक्सिलरेटर सोडून वेग हळूहळू कमी होऊ द्यावा.

खरी कसोटी रॅम्पवर

बोट पाण्यातून बाहेर काढताना रॅम्प ओला असतो, शेवाळलेलाही असतो. चढावर भार मागच्या चाकांवर जातो, त्यामुळे फक्त पुढची चाकं फिरवणारी कार घसरण्याची शक्यता जास्त. इथे फोर-व्हील ड्राइव्ह उपयोगी पडते. मॅन्युअल गाडीत अर्ध्या क्लचवर जोर लावत राहिलं तर क्लच जळतो. इलेक्ट्रिक गाडी सुरुवातीलाच भरपूर जोर देते, पण ट्रेलर लावल्यावर तिची रेंज बरीच घटते. आणि प्रत्येक इलेक्ट्रिक गाडीला टोइंगची मान्यता असतेच असं नाही.

भारतात गाडी निवडताना काय बघावं?

बंद पडलेली गाडी टोचन करून गॅरेजपर्यंत नेणं वेगळं आणि बोट घेऊन घाट उतरणं वेगळं. पुढे लावलेला टो-हुक पहिल्या कामासाठी असतो. भारतात विकल्या जाणाऱ्या काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढू नये, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. त्याच नावाच्या परदेशी मॉडेलचा आकडा इंटरनेटवर सापडला, तरी तो इथल्या गाडीला लागू होईलच असं नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी भरलेल्या ट्रेलरचं वजन, मग मॅन्युअलमधली मर्यादा, मग ट्रेलरचे ब्रेक आणि शेवटी इंजिनची ताकद. रीलमध्ये दिसते ती यातली फक्त शेवटची गोष्ट.