शंकेलाही शिस्त हवी

कलाशाखेच्या अंकात पदार्थविज्ञानाचे घोडे कशाला दामटता, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण रूढ सत्याविषयी शंका कशी घ्यावी, हा प्रश्न प्रयोगशाळेइतकाच तर्कशास्त्राच्या आणि इतिहासाच्या वर्गाचाही आहे, म्हणून हा प्रपंच.

१९०५ साली आइन्स्टाइनने मांडलेल्या विशिष्ट सापेक्षतेचा गाभा थोडक्यात असा: प्रयोगशाळेचे तोंड कोणत्याही दिशेला वळवा, किंवा ती एकसारख्या वेगाने धावणाऱ्या आगगाडीत ठेवा, निसर्गाचे नियम तेच राहतात. डच शास्त्रज्ञ लॉरेन्ट्झ यांच्या नावाने हिला लॉरेन्ट्झ सममिती म्हणतात. आजचे मूलकणशास्त्र या पायावर उभे आहे.

मग पायाच उकरून पाहण्याचा उद्योग कशासाठी? १९८९ मध्ये कॉस्टेलेकी आणि सॅम्युएल यांनी दाखवून दिले, की स्ट्रिंग सिद्धान्तात ही सममिती आपोआप मोडण्याची शक्यता संभवते. त्यातून पुढे आणखी एक अवघड प्रश्न उभा राहिला. फर्मिऑन आणि बोसॉन (हे दुसरे नाव आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांच्यावरून पडले) या कणांच्या दोन जातींची सांगड घालणारी जी 'सुपरसिमेट्री', तिचे काय होणार? तिची गंमत अशी, की तिची क्रिया लागोपाठ दोनदा केली म्हणजे अवकाश-कालात जागा बदलते. म्हणजे ती अवकाश-कालाच्या विणीत गुंतलेली आहे. एक धागा ओढला तर सारे वस्त्र उसवेल की काय? २००२ मध्ये बर्जर आणि कॉस्टेलेकी यांनी उदाहरण रचून दाखवले, की दिशांची समानता मोडली तरी स्थलांतराची समानता शाबूत ठेवता येते आणि सुपरसिमेट्री थोडे रूप पालटून टिकते.

असले प्रश्न अभ्यासताना शास्त्रज्ञ पुष्कळदा एक मिती वजा करतात. लांबी, रुंदी आणि काळ एवढेच असलेले सपाट जग घेतात. हा पोरखेळ नव्हे. व्याकरण शिकवताना आपण 'राम आंबा खातो' हेच वाक्य घेतो, ज्ञानेश्वरीतली ओवी घेत नाही, तसेच हे. कमी मितींत गणित आटोक्यात येते आणि नियमाचा सांगाडा उघडा दिसतो. शिवाय सपाट जग अगदीच कागदी राहिलेले नाही. २००४ मध्ये गाइम आणि नोवोसेलोव यांनी वेगळा काढलेला ग्राफीन हा कार्बनचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा आहे. त्यातले इलेक्ट्रॉन सापेक्षतेसारखेच समीकरण पाळतात, मात्र त्यांच्या वेगाची सीमा प्रकाशवेगाच्या सुमारे तीनशेवा हिस्सा असते.

आता विरोधकांची बाजू. सुपरसिमेट्रीचे कण जिनीव्हाच्या महायंत्रात आजवर सापडलेले नाहीत. लॉरेन्ट्झ सममिती मोडल्याचा पुरावाही नाही. १० मे २००९ रोजी सात अब्जांहून अधिक वर्षे प्रवास केलेले गॅमा किरण फर्मी उपग्रहाने टिपले. अतिशय वेगवेगळ्या ऊर्जेचे प्रकाशकण सेकंदाभराच्या आतबाहेर पोचले. मग हा सारा खटाटोप वाया गेला काय?

मला तसे वाटत नाही. आइन्स्टाइन चुकला, अशी आरोळी ठोकणे सोपे आहे. या मंडळींनी ती ठोकली नाही. सममिती कोठे व किती मोडू शकेल त्या प्रत्येक जागी त्यांनी एकेक राशी मांडली आणि प्रयोगकर्त्यांना सांगितले, मोजा. मोजल्यावर ती शून्याच्या जवळ सरकत गेली, तर जुना नियम पूर्वीपेक्षा बळकट झाला. आधी तो आपण मानत होतो, आता तो किती दशांश स्थळांपर्यंत खरा आहे ते सांगू शकतो. २०११ मध्ये न्यूट्रिनो सुमारे ७३० किलोमीटरच्या वाटेवर प्रकाशाहून ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याची मोजणी इटलीतील ऑपेरा प्रयोगाने जाहीर केली. संशोधकांनी तपासणीसाठी आपली आकडेवारी जगापुढे ठेवली. २०१२ मध्ये दोष सापडला तो एका सैल जोडलेल्या प्रकाशतंतूत! यात विज्ञानाची नाचक्की झाली असे काहींना वाटले. मला तो त्याचा गौरव वाटतो.

आपल्याकडे मात्र दोनच पंथ दिसतात. एक म्हणतो, थोरांनी सांगितले, आता बोलू नका. दुसरा म्हणतो, थोरांनी सांगितले ते सारे थोतांड. पहिल्याला शंकेची भीती वाटते, दुसऱ्याला कष्टांची. ताम्रपटाचा काळ असो, एखाद्या अभंगाचे कर्तृत्व असो की समाजाविषयीचा रूढ समज असो, त्यावर शंका घेण्याचा हक्क प्रत्येक विद्यार्थ्याला आहे. पण कोणता पुरावा मिळाला तर मी माझी शंका मागे घेईन, हे त्याने आधी सांगितले पाहिजे. ज्याला हे सांगता येत नाही त्याची ती शंका नव्हे, नुसता हट्ट होय. ही शिस्त आपल्याला प्रयोगशाळेकडून उसनी घ्यावी लागली, तरी त्यात कमीपणा कसला?