विश्लेषण : संशोधनावर खर्च कमी, तरी नवोन्मेषात भारत ३८वा कसा? ही क्रमवारी नेमकी काय मोजते?

जागतिक नवोन्मेष निर्देशांकात २०१५ मध्ये ८१व्या स्थानी असलेला भारत २०२५ च्या यादीत १३९ अर्थव्यवस्थांमध्ये ३८वा आला. निम्न-मध्यम उत्पन्न गटात तर पहिलाच. मात्र हाच देश संशोधन आणि विकासावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) एक टक्काही खर्च करत नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? क्रमांक कसा ठरतो आणि त्यात काय सुटते, याचा आढावा.

हा निर्देशांक कोण काढते?

संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालील जागतिक बौद्धिक संपदा संघटना, म्हणजे ‘वायपो’, हा निर्देशांक प्रसिद्ध करते. तिचे मुख्यालय जिनिव्हात आहे. निर्देशांकाची सुरुवात २००७ मध्ये फ्रान्समधील ‘इन्सीआड’ या व्यवस्थापन संस्थेत झाली. मूळचे भारतीय असलेले प्राध्यापक सौमित्र दत्ता हे त्याचे प्रवर्तक. २०११ पासून सलग १५ वर्षे स्वित्झर्लंड पहिल्या क्रमांकावर आहे. २०२५ मध्ये त्यापाठोपाठ स्वीडन, अमेरिका, दक्षिण कोरिया आणि सिंगापूर यांचा क्रम लागला. चीनने जर्मनीला मागे टाकून प्रथमच पहिल्या दहांत प्रवेश केला.

नवोन्मेष म्हणजे नक्की काय?

प्रयोगशाळेतील शोध म्हणजे नवोन्मेष नव्हे. विकसित देशांच्या ‘ओईसीडी’ या संघटनेची ‘ऑस्लो नियमपुस्तिका’ १९९२ पासून याची व्याख्या करत आली आहे. तिच्यानुसार वस्तू, सेवा किंवा कामाची पद्धत नवी अथवा लक्षणीय सुधारलेली हवी आणि ती प्रत्यक्ष वापरात आलेली हवी. कपाटात पडून असलेले पेटंट या व्याख्येत बसत नाही. अडचण अशी की, वापरात काय आले हे सगळ्या देशांत सारख्याच पद्धतीने मोजता येत नाही. पेटंट, शोधनिबंध, निर्यात आणि गुंतवणूक यांचे आकडे मात्र बहुतेक देशांत मिळतात. त्यामुळे मोजले जाते ते नवोन्मेषाच्या खुणांना.

गुण कसे दिले जातात?

सुमारे ८० निकषांची विभागणी सात गटांत केलेली आहे. संस्था व कायद्याचे राज्य, मनुष्यबळ व संशोधन, पायाभूत सुविधा, बाजारपेठ आणि उद्योगांची प्रगल्भता हे पाच गट ‘गुंतवणुकी’चे, म्हणजे देश काय ओततो याचे. ज्ञान-तंत्रज्ञान आणि सर्जनशील निर्मिती हे दोन गट ‘निष्पत्ती’चे, म्हणजे हाती काय लागते याचे. पाच गटांची सरासरी आणि दोन गटांची सरासरी काढून त्या दोहोंची पुन्हा सरासरी केली की अंतिम गुण मिळतात.

या साध्या गणितात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. निष्पत्तीच्या प्रत्येक गटाचे वजन २५ टक्के होते, तर गुंतवणुकीच्या प्रत्येक गटाचे अवघे १० टक्के. पायाभूत सुविधांत मागे असलेला देश तंत्रज्ञानाच्या निष्पत्तीत पुढे असेल, तर क्रमवारीत त्याचे फारसे बिघडत नाही.

भारताची झेप कशामुळे?

भारताचे चित्र नेमके असेच आहे. ज्ञान-तंत्रज्ञान निष्पत्तीत भारत २२व्या क्रमांकावर आहे. संस्था, पायाभूत सुविधा आणि उद्योगांची प्रगल्भता या गटांत मात्र तो पन्नाशीच्या पुढे आहे. माहिती-तंत्रज्ञान सेवांच्या निर्यातीचे एकूण व्यापारातील प्रमाण, या निकषावर २०२४ मध्ये भारत जगात पहिला होता. नवउद्यमांत आलेल्या भांडवलाचा आणि ‘युनिकॉर्न’ कंपन्यांच्या मूल्यांकनाचाही फायदा झाला.

ही प्रगती खोटी नाही. २०२३ मध्ये भारतात ६४ हजारांहून अधिक पेटंट अर्ज दाखल झाले आणि त्यांत निम्म्याहून जास्त अर्ज प्रथमच देशातल्या अर्जदारांचे होते. पण चित्र पूर्ण नाही. विद्यापीठांचा निकष घ्या. त्यात देशातील सर्वोत्तम तीन विद्यापीठांचे ‘क्यूएस’ क्रमवारीतील गुण धरले जातात. दोन-तीन आयआयटी आणि बेंगळूरुची भारतीय विज्ञान संस्था यांच्या जोरावर आपण तिथे चांगले दिसतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात प्रयोगशाळा चालू आहे की कुलूपबंद, हे त्या गुणांत कुठेच उमटत नाही.

खर्चाचे आकडे काय सांगतात?

केंद्राच्या आकडेवारीनुसार २०२०-२१ मध्ये देशाचा संशोधन-विकासावरील एकूण खर्च सुमारे १ लाख २७ हजार कोटी रुपये, म्हणजे जीडीपीच्या ०.६४ टक्के होता. चीनचे हेच प्रमाण अडीच टक्क्यांहून अधिक, दक्षिण कोरियाचे पाच टक्क्यांच्या आसपास आणि इस्रायलचे सहा टक्क्यांच्या वर आहे. त्याहून बोलका आहे तो खर्च करणाऱ्यांचा वाटा. चीन आणि कोरियात तीन चतुर्थांशांहून अधिक संशोधन उद्योग करतात. भारतात खासगी उद्योगांचा वाटा ३६ टक्क्यांच्या आसपास आहे आणि मोठा भार सरकारच उचलते.

‘कमी खर्चात जास्त निष्पत्ती’ म्हणून अहवालांमध्ये भारताचे कौतुक होते. कौतुकाची दुसरी बाजू अशी की, निष्पत्तीतला मोठा भाग सेवा निर्यातीचा आहे. परदेशी कंपनीसाठी चालवलेली संगणक प्रणाली आणि स्वतः विकसित केलेली चिप यांची आर्थिक किंमत वेगळी असते, पण निर्देशांकाच्या बेरजेत दोन्ही निष्पत्तीच ठरतात.

मोजपट्टी बदलली तर काय होते?

मुंबईचे उदाहरण बोलके आहे. याच अहवालात जगातील आघाडीच्या १०० नवोन्मेष केंद्रांचीही क्रमवारी असते. २०२४ मध्ये मुंबई त्यात ८४व्या स्थानी होती. २०२५ मध्ये ती थेट ४६वी झाली. बेंगळूरु ५६ वरून २१वर आणि दिल्ली ६३ वरून २६वर आली. वर्षभरात या शहरांतील संशोधन दुप्पट झाले नव्हते. तोवर केवळ आंतरराष्ट्रीय पेटंट आणि शोधनिबंध मोजले जात. २०२५ मध्ये त्यात व्हेंचर कॅपिटलचे, म्हणजे साहसी भांडवलाचे व्यवहारही धरण्यात आले. म्हणूनच दोन वर्षांच्या क्रमांकांची थेट तुलना करू नये, असे ‘वायपो’ स्वतःच सांगते. देशाचा क्रमांक किती वर-खाली असू शकतो, याचा पट्टाही अहवालात असतो. बातमीच्या मथळ्यात तो येत नाही.

मोजमापातून काय सुटते?

चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या थोड्याशा जमिनीत वर्षानुवर्षे वेगळ्या लोंब्या निवडून ‘एचएमटी’ हा भाताचा वाण तयार केला. त्याची लागवड विदर्भाबाहेरही पसरली. ‘प्रत्यक्ष वापरात आलेली सुधारणा’ ही ऑस्लोची व्याख्या याहून चपखल कुठे बसणार? पण त्यात पेटंट नव्हते, शोधनिबंध नव्हता, गुंतवणूकदारही नव्हता. २०१८ मध्ये निधन पावलेल्या खोब्रागडे यांच्या कामाला निर्देशांकात रकानाच नाही.

दुसरीकडे, पेटंट कोणत्या देशाच्या नावावर धरायचे हे अर्जात पहिले नाव असलेल्या अर्जदाराच्या पत्त्यावर ठरते. पुण्यातल्या अभियंत्याने शोध लावला, पण अर्ज परदेशी मुख्य कंपनीने केला, तर तो शोध त्या देशाच्या खात्यात जमा होतो.

क्रमांक हेच उद्दिष्ट झाले तर?

याचा धडा ताजा आहे. जागतिक बँकेच्या ‘व्यवसाय सुलभता’ क्रमवारीत भारत काही वर्षांत १४२ वरून ६३व्या स्थानी आला होता. मात्र काही देशांच्या आकडेवारीत गैरप्रकार झाल्याचे चौकशीत आढळल्यावर बँकेने सप्टेंबर २०२१ मध्ये ती क्रमवारीच बंद केली. ज्या सुधारणा खऱ्या होत्या त्या उरल्या, क्रमांक मात्र अर्थहीन झाला. नवोन्मेष निर्देशांकावर असा ठपका नाही. तरीही संख्या वाढवण्यासाठी पेटंट दाखल करायचे, असे धोरण कोणी आखले, तर अर्ज वाढतील आणि कारखान्यात काहीच बदलणार नाही.

मग पाहायचे काय?

केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये एक लाख कोटी रुपयांच्या संशोधन, विकास व नवोन्मेष योजनेला मंजुरी दिली. खासगी संशोधनाला दीर्घ मुदतीचा, कमी किंवा शून्य व्याजाचा वित्तपुरवठा हा तिचा गाभा आहे. खरी कमतरता जिथे आहे, तिथेच ही योजना हात घालते. त्यामुळे पुढच्या यादीत भारत ३७वा की ३९वा, यापेक्षा तीन गोष्टींकडे लक्ष ठेवणे उपयोगाचे ठरेल: ०.६४ टक्क्यांचा आकडा हलतो का, खासगी उद्योगांचा ३६ टक्क्यांचा वाटा वाढतो का आणि मिळालेल्या पेटंटपैकी किती प्रत्यक्ष उत्पादनात उतरतात. या तिन्हींत सुधारणा झाली, तर क्रमांक उशिरा का होईना वर येईल. त्या झाल्या नाहीत आणि तरीही क्रमांक वर गेला, तर आधी मोजपट्टी तपासावी लागेल.