फाईल कुणाच्या ताब्यात?

लहानपणी झालेला कॅन्सर बरा होतो, यात आता नवल राहिलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. गरीब देशांत मात्र ३० टक्क्यांहूनही कमी. आपल्याकडेही रक्ताच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या मुली आज पंचविशी-तिशीत आहेत, नोकऱ्या करताहेत, संसार करताहेत. पण ‘पोरगी वाचली ना, मग आणखी काय हवं?’ या प्रश्नापाशी सगळ्यांचा विचार थांबतो. स्त्री-संघटनांनी तो पुढे न्यायला हवा, असं मला वाटतं.

मुळात वाचलेल्या मुलीच थोड्या. भारतातल्या रुग्णालयांच्या नोंदींत कॅन्सरच्या उपचारांसाठी आलेल्या मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा बरीच जास्त दिसते. हा फरक सगळाच निसर्गाचा नाही. मुलीच्या औषधपाण्यासाठी जमीन गहाण टाकायची का, हा हिशेब घराघरांत कसा होतो ते आपल्याला वेगळं सांगायला नको. त्यातून वाचून, दोन-तीन वर्षांचे उपचार सोसून जी घरी येते, तिच्यापुढे दुसरी भिंत उभी राहते, ती लग्नाची. ‘कुणाला बोलू नकोस’ असं आई बजावते. फाईल ट्रंकेच्या तळाशी जाते, कधी चुलीतही. काहीजणींना तर आपल्याला काय झालं होतं त्याचं नावसुद्धा कुणी सांगितलेलं नसतं. ‘रक्त कमी होतं’, एवढंच.

ही फाईल म्हणजे नुसते जुने कागद नव्हेत. डॉक्सोरुबिसिन, डॉनोरुबिसिन यांसारखी औषधं मिळालेल्यांचं हृदय पुढे काही वर्षांनी कमकुवत होऊ शकतं. अशा बाईची इको तपासणी गरोदरपणाआधी, निदान सुरुवातीलाच व्हायला हवी. लहानपणी छातीला रेडिएशन दिलं असेल तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो आणि नियमित तपासण्या पंचविशीच्या सुमारासच सुरू कराव्या लागतात. सायक्लोफॉस्फमाइडच्या मोठ्या मात्रेने किंवा ओटीपोटावरच्या रेडिएशनने पाळी लवकर जाऊ शकते. पण गावातल्या डॉक्टरला यातलं काही कळत नाही, कारण सांगणारीलाच ते माहीत नसतं. घराच्या अब्रूपायी तिच्या शरीराचा इतिहास तिच्यापासूनच लपवलेला असतो.

‘सांगितलं तर लग्न मोडेल’ ही आईबापांची भीती खोटी नाही. पण न सांगण्याची किंमतही बाईच मोजते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ मध्ये १९७६ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून, महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून संमती मिळवली असा आरोप करून विवाह रद्द करून मागता येतो. लपवलं आईबापांनी, फसवणुकीचा शिक्का मात्र तिच्यावर! म्हणून कुणाला, कधी आणि किती सांगायचं हा निर्णय तिचा असला पाहिजे, आणि त्यासाठी आधी माहिती तिच्या हाती हवी. मूल होण्याबद्दलही अफवाच फार. बऱ्याचजणींना मूल होतं, आणि आनुवंशिक प्रकार सोडले तर त्या मुलांना कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्त नसतो. नाहीच झालं, तरी बाईची किंमत तिच्या गर्भाशयावरून ठरत नाही, हे आपण इतकी वर्षं सांगत आलो आहोत. ते इथेही सांगावं लागेल.

काही कामं उभी राहिली आहेत. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी वेगळा दवाखाना १९९१ पासून चालतो. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने २००९ मध्ये ‘उगम’ हा बऱ्या झालेल्यांचा स्वतःचा गट सुरू झाला. पण हिंगोलीच्या सुनेने मुंबईला तपासणीला जायचं कसं? मजुरी बुडते, गाडीभाडं लागतं, आणि घरी कारण काय सांगायचं?

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. उपचार संपताना प्रत्येक मुलीला मराठीत, सोप्या भाषेत एक-दोन पानांचा गोषवारा मिळावा : आजाराचं नाव, औषधं, मात्रा, रेडिएशन कुठे दिलं, पुढे कोणत्या तपासण्या आणि कधी. अठराव्या वर्षी डॉक्टरांनी तो तिला एकटीला बसवून समजावावा. जिल्हा रुग्णालयात इको आणि पाठपुराव्याची सोय व्हावी, मन मोकळं करायला समुपदेशक असावी. फ्रान्सने २०१६ मध्ये कायदा करून, ठरावीक काळानंतर कर्जाचा विमा घेताना जुना कॅन्सर सांगण्याची सक्ती काढली. २०२२ मध्ये ती मुदत उपचार संपल्यापासून ५ वर्षांवर आणली. नोकरी आणि विम्याच्या बाबतीत आपणही असं संरक्षण मागायला हवं.

सरकारकडून हे मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. आरोग्य शिबिरात पाळी आणि बाळंतपणं विचारताना ‘लहानपणी मोठा आजार झाला होता का?’ हेही एकांतात विचारू या. आपल्या सल्ला केंद्रांनी कलम १२ च्या प्रकरणांत अशा मुलींच्या बाजूने उभं राहण्याची तयारी करावी. तुमच्या गटातही अशी एखादी मैत्रीण असू शकेल. आपण कधी विचारलंच नाही, म्हणून ती बोलली नसेल.