शुगर हटत नाही? एकदा लिव्हरलाही विचारा

आमच्या चुलत्यांना सात वर्षं शुगर. माणूस काटकुळा, रोज उसात राबणारा, चहा बिनसाखरेचा. घराण्यात दुसऱ्या कुणाला शुगर नाही. तरी रिपोर्ट काही आटोक्यात यायचा नाही. दर वेळी आम्ही त्यांच्यावरच ओरडायचो, "काका, गूळ चोरून खाता तुम्ही!" बिचारे गप्प ऐकून घ्यायचे.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं आणि हिपॅटायटीस सी निघाला. एका खासगी दवाखान्यानं ऑपरेशनच नको म्हटलं. घरात कुणीतरी त्यांचं ताट वेगळं काढलं. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "काका, पूर्वी कधी रक्त चढवलं होतं का?"

"९४ साली ट्रॅक्टरखाली पाय आला होता, तवा दोन बाटल्या चढवल्या की."

आपल्या देशात रक्तपेढीत हिपॅटायटीस सी ची तपासणी सक्तीची झाली २००१ मध्ये. त्याआधीच्या रक्ताची खात्री कोण देणार?

शिरोळकरांना कावीळ नवी नाही. पूर ओसरला की भीती असतेच, २०१२ ची इचलकरंजीची साथही लक्षात आहे. पण ती पाण्यातून येणारी कावीळ. सी चा विषाणू रक्तातून येतो: न तपासलेलं रक्त, एकच सुई अनेकांना, डायलिसिस, गोंदण, न्हाव्याचं वस्तरं. डोळे पिवळे न होताही तो वीस-तीस वर्षं लिव्हरमध्ये बसून राहतो. एका ताटात जेवल्यानं, हात लावल्यानं, खोकल्यानं पसरत नाही. ताट वेगळं काढण्याचं काहीच कारण नव्हतं.

आता याचा शुगरशी काय संबंध? जादाची साखर लिव्हर साठवून ठेवतं आणि उपाशीपोटी हळूहळू सोडतं. "आता सोडू नको, साठव" हा निरोप इन्सुलिन देतं. हा विषाणू पेशीच्या आत तो निरोपच तोडतो, शिवाय लिव्हरला सूज आणतो. म्हणजे मोटार चालू, पण व्हॉल्व्ह अडकलेला. शरीर इन्सुलिन बनवतंय, लिव्हर ऐकत नाही. यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. त्यामुळे हिपॅटायटीस सी असलेल्यांत मधुमेह इतरांपेक्षा जास्त आढळतो. उलट बाजूही आहे. इन्सुलिन रेझिस्टन्समुळे लिव्हरमध्ये चरबी साठते आणि ते लवकर कडक होतं. पुढं सिरॉसिस, काहींना लिव्हरचा कॅन्सर. आपल्या तालुक्यात कॅन्सरची चर्चा पारावर रोज होते. त्यातला हा एक रस्ता वेळीच बंद करता येतो, हे मात्र कुणी बोलत नाही.

गैरसमज नको. बहुतेकांच्या शुगरचं कारण सी नाही. पंजाबात हा आजार इतका आहे की तिथल्या सरकारनं २०१६ मध्येच मोफत औषधं सुरू केली. आपल्याकडं तशी स्थिती नाही, म्हणून सगळ्यांच्या टेस्टा करा असं मी म्हणत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्याकडं वाढदिवस असो, जयंती असो, शुगर तपासणीचं शिबिर ठरलेलं. बोटाला सुई टोचायची, आकडा सांगायचा, फोटो काढायचा. त्याच टेबलावर तीन प्रश्न विचारा: २००१ आधी रक्त चढवलंय का? मोठं ऑपरेशन किंवा डायलिसिस झालंय का? खेड्यातल्या दवाखान्यात वारंवार इंजेक्शनं, सलाईन घेतलंय का? एकालाही "होय" आलं तर चिठ्ठी देऊन सरकारी दवाखान्यात पाठवा. प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. आणि हो, प्रत्येकाला नवी सुई, हे डोळ्यांनी बघून घ्या. नाहीतर शुगर तपासायला गेलेला माणूस आजार घेऊन घरी यायचा.

पहिली टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी घाबरू नका. विषाणू आत्ता अंगात आहे का, ते व्हायरल लोडच्या टेस्टनंच कळतं. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे. गोळ्या बहुतेकांना १२ आठवडे, आणि शंभरातले पंचाण्णवच्या आसपास बरे होतात. जवळच्या सरकारी दवाखान्यात नाहीतर सीपीआरला जाऊन चौकशी करा.

काकांचा कोर्स पूर्ण झाला. विषाणू गेला. शुगर पूर्ण गेली नाही, पण डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. (स्वतःच्या मनानं कुणी कमी करू नका. उपचार चालू असताना शुगर एकदम उतरू शकते.) मोतीबिंदूचं ऑपरेशनही झालं.

परवा काका म्हणाले, "सात वर्षं गुळाचा आळ घेतला माझ्यावर." त्यावर आमच्याकडं उत्तर नव्हतं.

तुमच्या घरातल्या शुगरवाल्यांना आज रात्री हे तीन प्रश्न विचारा. आणि पुढच्या शिबिराची पत्रिका छापणाऱ्यांना ही पोस्ट जरूर पाठवा.