आश्रय मागणं हा गुन्हा आहे का?



परवा पाचवीच्या वर्गात नकाशावाचन चालू होतं. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला, पॅसिफिक महासागरात एका मुलीला नाउरू नावाचा ठिपका सापडला. "बाई, एवढ्याशा देशात कोण राहतं?" मी थोडक्यात उत्तर दिलं, पण एक गोष्ट सांगायची टाळली. ती इथे लिहिते.

नाउरू हा फक्त २१ चौरस किलोमीटरचा देश. युद्ध, छळ यांतून जीव वाचवून बोटीने येणाऱ्या लोकांना ऑस्ट्रेलियाने २००१ पासून इथे आणि पापुआ न्यू गिनीच्या मानुस बेटावर ठेवायला सुरुवात केली. २००८ मध्ये हे थांबलं, २०१२ मध्ये पुन्हा सुरू झालं. जुलै २०१३ मध्ये तर सरकारने जाहीर केलं, की बोटीने आलेला माणूस खरा निर्वासित ठरला तरी त्याला ऑस्ट्रेलियात वसवणार नाही.

सरकारचं म्हणणं असं, की यामुळे माणसांची चोरटी वाहतूक करणारे दलाल थांबतील, समुद्रातले मृत्यू टळतील. मुद्दा खोटा नाही. पण दलालांच्या गुन्ह्याची शिक्षा लेकरांना का? शेवटची मुलं नाउरूवरून फेब्रुवारी २०१९ मध्ये बाहेर पडली. काहींची पाच वर्षं तिथेच गेली होती. पाच वर्षं म्हणजे पहिली ते पाचवी! एवढा काळ 'पुढे काय?' हेच माहीत नाही.

कुणी म्हणेल, मग दुसरं काय करणार? आपल्या कोल्हापूरजवळचं वळिवडे आठवा. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. तीसुद्धा छावणीच होती, पण तिथे शाळा, दवाखाना, चर्च होतं. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं.

माझं मत साधं आहे. प्रत्येक अर्ज नीट तपासावा. खोटा निघाला तर नाकारावा, तो सरकारचा अधिकारच आहे. पण निर्णय ठरलेल्या मुदतीत द्यावा आणि तोपर्यंत कुटुंबाला राहण्याजोगं घर, मुलांना शाळा मिळावी. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या करारात ऑस्ट्रेलियाही सहभागी आहे.

उद्या वर्गात पुन्हा नकाशा लावणार आहे. आधी वळिवडे दाखवीन, मग नाउरूची राहिलेली गोष्ट सांगेन.