स्निग्ध निरोप्या

दिवाळी आली की आमच्या घरी तेलातुपावरून वाद ठरलेला. डॉक्टरांनी मला तळलेले बंद केले आहे आणि सौभाग्यवतींनी चकलीचा डबा फडताळाच्या अगदी वरच्या फळीवर नेऊन ठेवला आहे. त्यामुळे स्निग्ध पदार्थ म्हणजे माणसाचा शत्रू, अशी माझी पक्की समजूत झाली होती. गेल्या वर्षी एका इस्पितळाच्या बाकावर ती समजूत ढासळली.

माझ्या पुतणीला एके दिवशी डाव्या डोळ्याने धूसर दिसू लागले. पुढे पाय बधिर होऊ लागले. तपासण्या झाल्या आणि निदान निघाले मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशीच या दुखण्यात मज्जातंतूंवरचे आवरण कुरतडू लागतात. कुंपणानेच शेत खावे, तसे. तिला फिंगोलिमोड नावाचे औषध द्यायचे ठरले. रोज एक कॅप्सूल, आत औषध अवघे अर्धा मिलिग्रॅम. पण पहिली मात्रा घेतल्यावर सहा तास इस्पितळात बसायचे, दर तासाला नाडी मोजायची!

“काका, एवढ्याशा औषधाला एवढा पहारा कशाला हो?” तिने विचारले. मला कुठले ठाऊक! सुदैवाने डॉक्टरीणबाई बोलक्या होत्या.

त्या म्हणाल्या, सगळी चरबी काही साठवणीची नसते. काही स्निग्ध रेणू निरोप्याचे काम करतात. मेंदूत सापडलेल्या अशाच एका पदार्थाला लंडनच्या थुडिकम नावाच्या डॉक्टरने 1884 साली नाव दिले स्फिंगोसिन. कोडे घालणाऱ्या स्फिंक्सवरून! या स्फिंगोसिनला एक विकर, म्हणजे एन्झाइम, फॉस्फेटची शेपटी जोडते आणि निरोप तयार होतो. दुसरे विकर ती शेपटी काढून घेते, तिसरे तर रेणूच तोडून टाकते. निरोप घ्यायला पेशींवर पाच तऱ्हेचे ग्राही असतात. निरोप तोच, पण कुठल्या पेशीवर कुठला ग्राही, यावर परिणाम ठरतो.

हा पदार्थ रक्तात भरपूर असतो. अवधाण आले की सुजतात त्या गाठींमध्ये मात्र तोडणारे विकर तो फारसा उरू देत नाही. गाठीत विसावलेल्या पांढऱ्या पेशी या फरकावरूनच बाहेरची वाट शोधतात. वाड्यात शिरलेले पोर अनारशाच्या वासावर नेमके स्वयंपाकघर गाठते ना, तसेच!

आता औषधाची युक्ती पाहा. आपलेच विकर त्यालाही फॉस्फेट जोडते आणि तो तोतया निरोप्या बनतो. तो ग्राहीला असा चिकटतो की पेशी तो ग्राहीच आत ओढून घेते. जणू नाकच बंद! वाट सापडत नाही, पुष्कळ पेशी गाठीतच राहतात, मेंदूपर्यंत पोचत नाहीत. पण हृदयाच्या पेशींवरही असेच ग्राही आहेत. म्हणून पहिल्या मात्रेला नाडी मंदावते, आणि म्हणून तो पहारा.

हे औषध निघाले कशातून, तर कीटकांवर वाढणाऱ्या एका बुरशीतल्या द्रव्यावरून. जपानातल्या क्योटोचे प्राध्यापक फुजिता आणि त्यांचे सहकारी यांनी त्या द्रव्यात फेरफार करून ते घडवले. 2010 साली अमेरिकेत त्याला या दुखण्यासाठी मान्यता मिळाली.

या निरोप्याचा एक चुलतभाऊही आहे, लायसोफॉस्फेटिडिक आम्ल. विळीवर बोट कापले की जखम भरून आणण्यात त्याचा हात असतो. 1992 साली अमेरिकेत त्वचेच्या कर्करोगाच्या पेशींपाशी ऑटोटॅक्सिन नावाचे प्रथिन सापडले. त्याने पेशी चालू लागत. ते कसे, हे दहा वर्षांनी जपानी शास्त्रज्ञांनी दाखवले : ते प्रथिन हे विकरच, आणि ते तयार करते हेच आम्ल! जो निरोप जखम भरतो, तोच कर्करोगाच्या पेशींनाही वाट दाखवू शकतो. निरोप चांगला की वाईट, हे नुसत्या निरोप्याकडे पाहून सांगता येत नाही.

चौथ्या तासाला पुतणीची नाडी 76 वरून 56 वर आली. मी देवाचे नाव घेऊ लागलो. सहाव्या तासाला ती 64 झाली आणि आम्ही घरी निघालो.

औषधाने दुखणे समूळ जात नाही, हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले होते. झटके कमी होतात इतकेच. शिवाय पहारेकरी गाठींत अडकलेले, तेव्हा तापखोकल्याला जपायचे, रक्त तपासत राहायचे. वर्षभरात तिला नवा झटका आलेला नाही. परवा ती आमचे दोन जिने चढून आली, स्टुलावर उभी राहिली आणि तिने वरच्या फळीवरचा डबा खाली काढला.

“एकच हं काका,” ती म्हणाली.

सौभाग्यवतींनी पाहिले; पण त्या काही बोलल्या नाहीत.