इंग्रजीत निरोप सांगताना काळ कोणता?

दहावीच्या मुलांना इंग्रजीतला एक प्रश्न हमखास अडवतो: डायरेक्टचे इनडायरेक्ट करा. मुले तक्ता पाठ करतात. इजचे वॉज, विलचे वुड, कॅनचे कुड. तरीही गुण जातात, कारण काळ का बदलतो हे त्यांना कुणी समजावलेले नसते.

आपल्या घरांत मराठी आणि उर्दू दोन्ही चालतात. या भाषांत दुसऱ्याचे बोलणे सांगताना त्याचा काळ सहसा तसाच राहतो. 'सलीम म्हणाला की मी थकलो आहे.' 'सलीम ने कहा के मैं थक गया हूँ.' बोलणे कालचे असले तरी वाक्य वर्तमानातच राहते आणि 'मी'सुद्धा बदलत नाही. त्याच सवयीने मूल लिहिते, 'सलीम सेड दॅट आय अ‍ॅम टायर्ड.' वाचणाऱ्याला वाटते, थकला आहे तो लिहिणारा!

इंग्रजीत गोष्ट निरोप सांगणाऱ्याच्या जागेवरून पाहतात. सलीमचा 'मी' माझ्यासाठी 'तो' आणि त्याचे 'आता' माझ्यासाठी 'तेव्हा'. म्हणून 'सलीम सेड दॅट ही वॉज टायर्ड.'

मुलांनो, लिहिण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला: सांगण्याचे क्रियापद कोणत्या काळात आहे? 'सेज' किंवा 'हॅज सेड' असेल तर आतल्या वाक्याचा काळ बदलू नका. 'अम्मी सेज दॅट शी इज बिझी.' फक्त सर्वनाम बदलले.

दुसरा: 'सेड' असेल तर काळ एक पायरी मागे गेला का? 'वर्क'चे 'वर्क्ड', 'अ‍ॅम वर्किंग'चे 'वॉज वर्किंग'. 'फिनिश्ड' आणि 'हॅव फिनिश्ड' दोन्हींचे 'हॅड फिनिश्ड'. मूळ वाक्यातच 'हॅड फिनिश्ड' असेल तर आणखी मागे जायला पायरीच नाही, ते तसेच राहील.

तिसरा: ती गोष्ट आजही खरी आहे का? पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे सर कालच म्हणाले असले तरी 'गोज' लिहिता येते.

हा तिसरा प्रश्न परीक्षेपुरता नाही. आखातात नोकरी करणारा मुलगा रजेसाठी साहेबांना लिहितो, 'द डॉक्टर सेड दॅट माय फादर नीडेड अ‍ॅन ऑपरेशन.' व्याकरण बिनचूक आहे. पण साहेबांना शंका येऊ शकते: गरज तेव्हा होती, आता आहे की नाही? 'नीड्स' लिहिले तर शंकेला जागा राहत नाही. ऑपरेशन व्हायचे आहे, मुलाला घरी जायचे आहे. इथे 'नीड्स' अधिक योग्य. परीक्षेत मात्र नियमाप्रमाणे 'नीडेड' लिहा, तिथे तेच तपासले जाते.

वेळेच्या शब्दांचेही असेच आहे. 'टुमारो'चे 'द नेक्स्ट डे' होते, पण निरोप त्याच दिवशी पोहोचवत असाल तर उद्या म्हणजे उद्याच. तिथे 'टुमारो' बदलू नका.

पालकांसाठी एक सोपा उपाय. रात्री दस्तरखानावर मुलाला विचारा, आज बाई काय म्हणाल्या? उत्तर त्याने इंग्रजीत एका वाक्यात द्यावे. मग विचारा, ते अजून खरे आहे का? महिनाभर हे केले तर तक्ता पाठ करावा लागणार नाही.